‘अंगाला सवय झाली’ : दहावीच्या पुस्तकातील उत्क्रांती

दिघीला दत्तगडाच्या पायथ्याकडील वस्तीत संध्याकाळी दहावीची काही मुले माझ्याकडे विज्ञान वाचायला येतात. बहुतेकांचे वडील भोसरीच्या एमआयडीसीत किंवा चाकणला कामाला आहेत, दोघातिघांचे लष्कराच्या किंवा संरक्षण संशोधनाच्या आस्थापनांत. राज्य मंडळाच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. ते आम्ही संपवत आणले होते. लामार्कचा सिद्धांत का टिकला नाही, हे मुलांनी पाठ म्हणून दाखविले. वही मिटता मिटता एक मुलगा सहज म्हणाला, “सर, माझ्या मामाला टी.बी.च्या गोळ्या लागू पडेनात. मध्येच बंद केल्या होत्या, मग परत सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले औषध बदलावं लागेल. मामाच्या अंगाला त्या गोळ्यांची सवय झालीय.”

पाच मिनिटांपूर्वी ज्याने लामार्क खोडून काढला होता, तोच हे म्हणत होता, आणि वर्गातल्या एकालाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही वाटले नाही. औषध अंगवळणी पडते, ही आपल्या घराघरांतली भाषा आहे. पण त्या वाक्यात दोन चुका आहेत. बदल मामाच्या अंगात झाला असे त्यात गृहीत धरले आहे, आणि तो सवयीने झाला असेही गृहीत धरले आहे. या दोन्ही चुका दुरुस्त करणे हेच उत्क्रांतीच्या धड्याचे काम नव्हे काय? ते काम हे प्रकरण का करू शकत नाही, हे पाहण्यासाठी मी ते पुन्हा, या वेळी विद्यार्थ्याच्या नजरेने, वाचून काढले.

आधी पुस्तकाच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो. २०१८ साली आलेल्या या पुस्तकात उत्क्रांतीला पुरेशी जागा दिलेली आहे. बाह्यरूपाचे, शरीररचनेचे, अवशेषांगांचे, जीवाश्मांचे, भ्रूणविज्ञानाचे असे पुरावे एकामागून एक मांडले आहेत. डार्विन आहे, लामार्क आहे, जातिउद्भव आहे, मानवाची उत्क्रांतीही टाळलेली नाही. हे थोडे नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एक जण केंद्रीय मंडळाच्या शाळेत जातो. तो आणि मामाची गोष्ट सांगणारा मुलगा एकाच इमारतीत राहतात. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला. २०२३ मध्ये नवी छापील पुस्तके आली तेव्हा प्रकरणाच्या नावातही ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी त्या वर्षी पत्र काढून या निर्णयाला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती ठेवलेली आहे, असे उत्तर मिळाले. ते खरेच आहे. पण दहावीनंतर जो मुलगा आयटीआयला, वाणिज्य शाखेला किंवा गणित घेऊन अभियांत्रिकीकडे जाईल, त्याची आणि उत्क्रांतीची भेट कायमची चुकली. आमच्या औद्योगिक पट्ट्यात अशीच मुले जास्त. तेव्हा जे पुस्तक हा विषय शिकवते, त्याच्यावर टीका करताना मन थोडे कचरते. पण धडा आहे एवढ्यावर समाधान मानले, तर तो धडा डोक्यात काय ठेवून जातो हे विचारायचे राहूनच जाते.

प्रकरणाची सुरुवात डी.एन.ए., आर.एन.ए. आणि प्रथिननिर्मितीपासून होते. तेथेच उत्परिवर्तनाची ओळख होते आणि उदाहरण म्हणून सिकलसेल या आजाराचा उल्लेख येतो. मग पान उलटते आणि उत्क्रांती सुरू होते. बऱ्याच पुढे, पुरावे संपल्यावर, नैसर्गिक निवड भेटते. उत्परिवर्तन आणि निवड या दोन गोष्टी एकाच प्रकरणात राहतात, पण त्यांची ओळख कुणी करून देत नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मूळ दुखणे हेच आहे. कारण जैविक उत्क्रांतीची मूळ कल्पना या दोघांच्या भेटीतच आहे. एका जातीच्या जीवांच्या समूहात आनुवंशिक भेद आधीपासून असतात. त्यांतील काही भेद असलेल्यांना तेथील परिस्थितीत इतरांपेक्षा अधिक संतती होते. म्हणून पुढच्या पिढीत त्या भेदांचे प्रमाण वाढते. एकटा जीव उत्क्रांत होत नाही, समूहाची घडण बदलते. कल्पना एवढीच आहे; बाकी सारे तिचे परिणाम.

सिकलसेलचेच पाहा. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी भागांत हा आजार महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल गंभीर आजारी पडते. मग असे घातक जनुक निवडीत गळून का गेले नाही? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासावरून याचे उत्तर दिले : ज्यांना हे जनुक एकाच पालकाकडून मिळते, त्यांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे मलेरिया तीव्र, तेथे हे जनुक टिकून राहते. मलेरिया नसलेल्या गावी तेच जनुक निव्वळ तोट्याचे. पुस्तकाने हे उदाहरण हातात घेतले आणि ‘आजार’ म्हणून खाली ठेवून दिले. चार पाने पुढे नैसर्गिक निवडीपाशी ते पुन्हा उचलले असते, तर ‘लायक’ म्हणजे काय, याचे उत्तर जागेवर अवलंबून असते हे मुलांना एका वाक्यात समजले असते.

त्याऐवजी आपण वर्गात काय सांगतो? ‘बळी तो कान पिळी.’ ही म्हण मी स्वतः अनेक वर्षे वापरली आहे, म्हणून माझ्यावरचा आरोप आधी मान्य करतो. ती म्हण समाजातील दांडगाईबद्दल आहे. निवडीत कान पिळायला कुणी नसतो. ज्याची पिले अधिक जगली त्याचे गुण अधिक उरले, इतकाच हिशेब. मग तो बलवान असो, बुटका असो की नुसता लपण्यात पटाईत असो.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर ‘उत्क्रांती’ या शब्दाचीही थोडी तपासणी करू. ‘उत्’ म्हणजे वर. शब्द ऐकताक्षणी पायऱ्या चढत जाणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते. जुन्या संस्कृत दार्शनिक ग्रंथांत हाच शब्द जीवाने देह सोडून निघून जाण्यासाठी येतो. आळंदी येथून हाकेच्या अंतरावर असल्याने असले अर्थ सांगणारे जाणकार आमच्याकडे भेटतात! हिंदीतला ‘विकासवाद’ तर प्रगतीची ग्वाहीच देऊन टाकतो. शब्द बदला असे मी म्हणत नाही, तो आता रुळला आहे. पण शिडीचे चित्र शब्दातच असल्यावर पुस्तकाने ते पुसण्यासाठी अधिक कष्ट घ्यायला हवे होते. येथे उलटच झाले आहे. पेरिपॅटस, बदकचोच्या प्लॅटिपस आणि फुप्फुसमासा हे ‘जोडणारे दुवे’ म्हणून येतात. वाचणाऱ्या मुलाला वाटते की सरीसृपाचा सस्तन होता होता प्लॅटिपस वाटेत थांबला. वास्तविक प्लॅटिपस आजचाच प्राणी आहे, आपला दूरचा चुलत भाऊ. त्याच्या घराण्याला उत्क्रांत व्हायला जेवढा काळ मिळाला तेवढाच आपल्यालाही मिळाला. काही जुनी लक्षणे त्याच्याकडे राहिली, इतकेच.

मानवाच्या उत्क्रांतीत तर शिडी उघडच उभी आहे. मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणून येथे पूर्व आफ्रिकेतला रामापिथेकस दिला आहे. हे नाव १९३२ साली शिवालिक टेकड्यांत जी. एडवर्ड लुईस यांना सापडलेल्या जबड्याच्या तुकड्यावरून आले. १९६० च्या दशकात त्याला मानवाचा पूर्वज मानत असत. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर अधिक पूर्ण चेहरा सापडला, १९८२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि हा प्राणी ओरांगउटानच्या जवळचा असल्याचे दिसून आले. आता त्याची गणना शिवापिथेकसमध्ये होते. म्हणजे पुस्तक आले तेव्हा ही दुरुस्ती छत्तीस वर्षांची जुनी झाली होती. एक नाव चुकले म्हणून मी एवढा रागावलो नसतो. पण माकड, शेपूट नाहीशी झालेले माकड, कपी, माणूस अशी रांग लावली, की पुढचा प्रश्न ठरलेलाच : “मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?” २०१८ च्याच जानेवारीत औरंगाबाद येथे (आताचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, असे विधान केले. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यावर संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. ते योग्यच होते. पण मंत्र्यांचा प्रश्न आणि आमच्या दहावीच्या वर्गातला प्रश्न एकाच रांगेतून निघाला आहे, हे आपण शिक्षकांनी मान्य करायला हवे. माणूस आणि चिंपांझी यांचा एक समान पूर्वज होता; त्याच्या वंशाला फाटे फुटले. चुलत भाऊ सख्खा भाऊ का होत नाही, असे कुणी विचारत नाही.

आता मामाच्या गोळ्यांकडे वळतो. मुलांना दूर आफ्रिकेत किंवा जिराफाच्या मानेपाशी नेण्याची खरे तर गरज नाही. दिघीहून भोसरीमार्गे दहा किलोमीटरच्या आत पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेला, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला, सार्वजनिक क्षेत्रातला देशातील पहिला औषध कारखाना. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. (नंतर त्याची आर्थिक ओढाताण झाली, तो वेगळा विषय.) माझ्या विद्यार्थ्यांतील एकाचे आजोबा तेथेच नोकरीला होते.

फ्लेमिंगला सापडलेली बुरशी एका मिलिलिटरमागे पेनिसिलिनची जेमतेम एकदोन एकके देत असे. एवढ्यावर कारखाना चालणे शक्य नव्हते. १९४३ मध्ये अमेरिकेत पिओरिया येथे बाजारातल्या एका खरबुजावर त्याच गणातली अधिक चांगली बुरशी मिळाली. मग तिच्या बीजाणूंवर क्ष-किरणांचा व अतिनील किरणांचा मारा करून उत्परिवर्तने घडवली. त्यांतली बहुतेक निरुपयोगी निघाली. एखादी बुरशी मात्र जरा जास्त पेनिसिलिन देणारी निघे. तेवढीच ठेवायची, वाढवायची आणि पुन्हा किरणांखाली धरायची. काही वर्षांतच उत्पादन नऊशे एककांच्या आसपास गेले. पेनिसिलिनचा कोणताही कारखाना अशाच निवडून वाढविलेल्या वाणांवर चालतो. येथे मुलांना मी एकच प्रश्न विचारतो : किरणांना कुठे ठाऊक होते, की माणसाला पेनिसिलिन हवे आहे? ते अंदाधुंद बदल करतात. दिशा येते ती निवडीतून.

हे ऐकून एक मुलगी म्हणाली, “म्हणजे गो-नोगो गेज!” तिचे वडील भोसरीत एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहेत. गेज काही जॉब बनवत नाही. बनून आलेल्या जॉबांतून पास कोणते आणि रिजेक्ट कोणते, एवढेच ठरवतो. इतके नेमके उदाहरण मला पंचवीस वर्षांत सुचले नव्हते. अर्थात ते पुरतेपणी लागू होत नाही. पास झालेल्या जॉबला पोरे होत नाहीत, आणि कारखान्यात मुळात ड्रॉइंग असते. चाकणच्या कारखान्यांतून दरवर्षी गाडीचे नवे मॉडेल निघते ते कुणीतरी आखून. आमच्या मुलांच्या मनात ‘उत्क्रांती म्हणजे सुधारलेले मॉडेल’ हे चित्र तेथूनच येत असावे. निसर्गात ड्रॉइंग नसते, आणि गेजसुद्धा परिस्थितीप्रमाणे बदलत राहतो.

कारखान्यातून औषधाची बाटली बाहेर पडली की निवडीचा तोच खेळ उलट्या बाजूने सुरू होतो. आता निवडणारे औषध, आणि निवडले जाणारे जंतू. लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंची मोजदाद केली. १९४६ मध्ये पेनिसिलिनला दाद न देणाऱ्यांचा वाटा सुमारे सातवा-आठवा होता. १९४८ पर्यंत तो निम्म्याच्या वर गेला.

पण हे जंतू औषध भेटल्यावर शिकले, की आधीपासूनच तसे होते? शिकले असतील तर लामार्क बरोबर. याचा निकाल जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये मखमलीच्या एका तुकड्याने लावला. प्रयोग इतका सुंदर आहे की दहावीच्या पुस्तकात तो नसावा याचे मला खरोखर वाईट वाटते. एका बशीत औषध न घालता जंतू वाढवायचे. मखमलीचा ठसा तिच्यावर दाबून तसाच औषध असलेल्या दुसऱ्या बशीवर उमटवायचा. दुसऱ्या बशीत बहुतेक जंतू मरतात, एखाद्या ठिकाणी मात्र ठिपका वाढतो. मग पहिल्या बशीत नेमक्या त्याच जागी जायचे. तेथल्या जंतूंनी औषध कधी पाहिलेलेही नाही. ते उचलून तपासले, तर औषधाला दाद न देणारे जंतू तेथे आधीपासूनच हजर! स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीतही हेच दिसले. म्हणजे भेद आधी, निवड नंतर. गरज कोठेही कारण म्हणून येत नाही.

क्षयरोगाचे गणित यावरच उभे आहे, आणि ते फळ्यावर पाच मिनिटांत होते. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू आहेत असे धरा. दर दहा लाखांत एखादा जंतू स्ट्रेप्टोमायसिनला योगायोगानेच दाद न देणारा असतो. म्हणजे औषध सुरू होण्यापूर्वीच असे शंभर जंतू हजर आहेत. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे शंभर पसरतात. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत नेमके हेच घडले : रुग्ण आधी सुधारले आणि पुढे त्यांतल्या अनेकांच्या जंतूंवर औषध चालेनासे झाले. आता तेवढेच विरळ उत्परिवर्तन लागणारे दुसरे औषध जोडीला द्या. दोन्हींना पुरून उरणारा जंतू एक लाख कोटींत एक; पोकळीत तो असण्याची शक्यता जवळजवळ नाही. क्षयरोगात एका वेळी तीन-चार औषधे आणि तीही महिनोन्‌महिने का देतात, याचे हे साधे कारण. मध्येच गोळ्या सोडल्या, कधी घेतल्या कधी नाही, की उरलेल्या जंतूंना वाढायला उसंत मिळते, आणि निवडीची चाळणी पुन्हा पुन्हा फिरते.

जंतू शेवटी जंतूच राहिला, त्याचा काही मासा झाला नाही, असा आक्षेप येथे कुणी घेईल. तो रास्त आहे. मोठ्या बदलांसाठी जीवाश्मांकडेच जावे लागते, आणि पुस्तकातले पुरावे काढून टाका असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण यंत्र चालते कसे हे एकदा डोळ्यांपुढे दिसल्यावर ते पुरावे पुरावे वाटतात. नाहीतर पाच मार्कांची यादी वाटते.

मखमलीचा प्रयोग आणि हे गणित फळ्यावर झाल्यावर मी त्या मुलाला काहीच विचारले नव्हते. तो आपणहून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, सवय मामाच्या अंगाला झाली असती, तर मामीला त्याच्यापासून टी.बी. झाला असता तरी तिला पहिल्याच गोळ्या लागू पडल्या असत्या. तिच्या अंगाला कुठे सवय होती?”

“आणि बदल जंतूंत झाला असेल तर?”

“मग तिला आधीच औषधाला न जुमानणारा टी.बी. होईल. म्हणूनच डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलंय काय?”

केंद्रीय मंडळाचा मुलगा तोवर त्याच्या पुस्तकातले नैसर्गिक निवडीचे पान आपल्या वहीत उतरवून घेत होता. त्याला परीक्षेत हे येणार नाही, याची मी आठवण करून दिली. त्याने मान हलवली आणि मखमल कुठे मिळेल ते विचारले.